पुंगळीचा बोल्ट

यामाहा आरएक्स १०० च्या सायलेन्सरच्या शेपटापाशी एक बारीक बोल्ट असतो. तो काढला की आतली भोकाभोकांची नळी, म्हणजे पुंगळी, पकडीने ओढून बाहेर काढता येते. कंपनीने हा बोल्ट दिला होता कार्बन साफ करण्यासाठी. पुंगळी काढायची, खरवडायची, पुन्हा आत सरकवायची, बोल्ट कसायचा. १९८५ ते १९९६ या काळात ही गाडी बाजारात होती आणि त्या अकरा वर्षांत कॉलेजच्या पोरांना या बोल्टचा दुसरा उपयोग सापडला. पुंगळी काढायची आणि परत घालायचीच नाही.

वऱ्हाडातल्या सायलेन्सरचा इतिहास या एका बोल्टभोवती फिरतो. निगा राखण्यासाठी ठेवलेली वाट आवाजाच्या हौसेसाठी वापरली गेली, मग त्या हौसेचा धंदा झाला आणि धंद्यामागे पोलीस आले. या गोंधळात एक गोष्ट बाजूला पडली. सायलेन्सर नीट बसवणं ही एक कारागिरी आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या मिस्त्र्यांकडे ती बऱ्याच जुन्या वळणाने आलेली आहे.

मोटारसायकल येण्याच्या कितीतरी आधी या भागात यंत्रं आली ती कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६० च्या दशकात वऱ्हाडी कापसाला भाव आणला, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि रेल्वेपाठोपाठ वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले. जिन चालवायचा म्हणजे बॉयलर आला, पट्टे आले, शाफ्ट आले. हंगामाच्या ऐन मध्यात काही मोडलं तर मुंबईहून माणूस येईपर्यंत थांबणं परवडत नसे. फिटर, लोहार, लेथवाला, झाळकाम करणारा अशी माणसं या गावांत मोटारींच्या आधीपासून लागत होती ती त्यामुळे. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे तर सगळ्यांना ठाऊकच आहे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर धावत होतं. सत्तर वर्षं एक इंजिन चालतं ठेवणाऱ्या मुलखात मोटारसायकलची नळी दुरुस्त करणं ही काही फार मोठी उडी नव्हती.

आवाजाची हौसही मोटारसायकलने आणलेली नाही. खेड्यातल्या पिठाच्या गिरण्या डिझेल इंजिनवर चालत, तेव्हा धुराच्या नळीच्या तोंडावर एखादा डबा नाहीतर पत्र्याची टोपी बसवायची पद्धत होती. इंजिन सुरू झालं की 'पुक पुक' आवाज शिवारभर जायचा आणि बायका दळणाचे डबे घेऊन निघायच्या. गिरणीवाल्याने केलेलं हे एक्झॉस्टचं मॉडिफिकेशनच म्हणायचं. फरक एवढाच की तो आवाज गावाच्या कामाचा होता.

फटफटीच्या आवाजावर सरकारची नजर मात्र पहिल्यापासून होती. सुरुवातीच्या कित्येक मोटारसायकलींना 'कटआउट' नावाची सोय असे. खटका ओढला की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे, गाडी हलकी पळे आणि रस्ता दणाणून जाई. इंग्लंडमध्ये यावरून ओरड झाली. सरे परगण्यातला ब्रुकलँड्सचा शर्यतीचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला, तेव्हापासून शेजारचे बंगलेवाले आवाजाविरुद्ध तक्रारी आणि कोर्टकज्जे करत राहिले. शेवटी १९२४ च्या सुमारास तिथल्या शर्यतीच्या गाड्यांनाही सायलेन्सर सक्तीचा झाला. माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड असलेला तो पत्र्याचा डबा 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने गाड्यांचा आवाज कमी करण्याविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला आणि त्या कायद्याखाली मध्य प्रांत व वऱ्हाडने आपले नियम केले. त्या काळात अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर मोटारसायकली विरळाच होत्या. नियम आधी आले, गाड्या मागून आल्या.

गाड्या आल्या त्या स्वातंत्र्यानंतर. लष्करासाठी भारत सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या, त्यातून १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६०-६१ मध्ये जावा बनवायला घेतली. हीच गाडी १९७३ पासून येझदी झाली. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून १७५ सीसीची राजदूत काढली. यांतली बुलेट चार-स्ट्रोक, बाकी दोन्ही टू-स्ट्रोक. वऱ्हाडातल्या मिस्त्रीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता, कारण त्याचं पोट बरंचसं टू-स्ट्रोकवर चालणार होतं.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑईल जळतं. सगळं जळत नाही. उरलेलं चिकट काजळीच्या रूपाने सिलिंडरच्या धुराच्या दारावर, बेंड पाईपमध्ये आणि सायलेन्सरच्या पुंगळीवर साचत जातं. काही हजार किलोमीटरनंतर दार अरुंद होतं, पुंगळीची भोकं बुजतात, गाडी ओढत नाही आणि चढाला दम टाकते. दुधाचे कॅन लादलेली राजदूत किंवा दोघं जण आणि खताचं पोतं घेऊन निघालेली येझदी अशी बसली की एकच इलाज असे. सायलेन्सर काढा आणि जाळा.

ही जाळण्याची क्रिया त्या काळच्या प्रत्येक गॅरेजात चाले. सायलेन्सर उतरवून आत थोडं रॉकेल ओतायचं, तो उभा करून पेटवायचा. आतला चिकटा धगधगून जळे आणि काळा धूर गल्लीभर पसरे. गार झाल्यावर लाकडी ठोकळ्याने ठोकून पापुद्रे झाडायचे. ज्यांना क्रोमची काळजी असे ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालत. जावा-येझदीच्या सायलेन्सरची शेपटाकडची टोपी आणि पुंगळी सुटी होत असल्याने ते काम सोपं पडे. स्कूटरचा सायलेन्सर मात्र बंद डबा. तो नुसत्या जाळण्याने मोकळा झाला नाही तर कापून, खरवडून, पुन्हा वेल्डिंग करून मिळे.

साफ केलेला सायलेन्सर परत चढवताना मिस्त्रीची परीक्षा व्हायची. येझदीची नळी सिलिंडरला बसते ती आटे असलेल्या चुडीदार रिंगने. तिला आकड्याचा पाना लागतो. हा पाना ज्याच्याकडे नसेल तो छिन्नी लावून हातोड्याने रिंग फिरवायचा, आणि अशा चार-दोन वेळांनंतर रिंगचे पंख तुटून जायचे. आजही जुनी येझदी विकत घेणारा जाणकार आधी ती रिंग पाहतो. छिन्नीचे घाव दिसले की गाडी कुणाच्या हाताखालून गेली आहे हे त्याला कळतं.

बुलेटचं गणित वेगळं. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला बेंड पाईप हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असे. फ्लँज नाही, स्टड नाही. लाकडी हातोड्याने हळूहळू ठोकत तो आत घालायचा आणि खाली चेसीला पट्टीने धरून ठेवायचा. तोंड सैल झालं की मिस्त्री पत्र्याची पातळ पट्टी गुंडाळून पुन्हा घट्ट करत. जो सरळ रेषेत ठोकेल त्याचंच ते काम. एका बाजूने जरा जास्त घाव पडला की नळी तिरकी बसते, पलीकडची पट्टी जुळत नाही आणि बुलेटचे धक्के महिन्याभरात ती पट्टी चिरून टाकतात.

टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये आणखी एक गंमत दडलेली होती, आणि ती जगाला दाखवली पूर्व जर्मनीतल्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने. एमझेड या कंपनीच्या शर्यतीच्या गाड्यांवर काम करताना १९५० च्या दशकात त्याने नळीला मधे फुगवून मागे निमुळती केली. धुराबरोबर जाणारी दाबाची लाट मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. नळीची लांबी आणि फुगवटा नेमका जमला तर तेवढ्याच इंजिनातून कितीतरी जास्त ताकद निघते. १९६१ मध्ये एमझेडचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि हे ज्ञान सोबत घेऊन सुझुकीला मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद पटकावलं. जपानी टू-स्ट्रोकचा पुढचा सगळा दबदबा या फुगीर नळीवर उभा आहे. आरएक्स १०० त्याच घराण्यातली.

म्हणूनच पुंगळी काढून टाकणाऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. कंपनीने नळी, डबा आणि पुंगळी यांची मापं एकमेकांशी जुळवलेली असतात. पुंगळी काढली की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो आणि वेगही वाढल्याचा भास होतो, पण मधल्या वेगाला गाडी पोकळ पडते. अमरावतीच्या कॉलेजरस्त्यांवर ज्या गाड्या नव्वदच्या दशकात सर्वांत मोठ्याने किंचाळत, त्या सर्वांत वेगवान असतीलच असं काही नव्हतं. हे ज्याच्या त्याच्या मित्राला कळत होतं, मालकाला मात्र नाही.

आरएक्स १०० आली त्याच १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. ती चार-स्ट्रोक. तिच्यात ऑईल पेट्रोलबरोबर जळत नाही, त्यामुळे सायलेन्सर जाळण्याचा प्रश्नच उरला नाही. डबा चारी बाजूंनी वेल्ड केलेला, उघडायची सोय नाही, कारण उघडायचं कारण नाही. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले, आरएक्स १०० आणि येझदी दोन्ही त्याच वर्षी थांबल्या, आणि काही वर्षांतच टू-स्ट्रोक रस्त्यावरून ओसरल्या. मिस्त्र्यांच्या दुकानातून सायलेन्सरचं नित्याचं काम गेलं. राहिली दोन कामं. एक गंजाचं, दुसरं हौसेचं.

गंजाचं काम वऱ्हाडात भरपूर. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतल्या कितीतरी गावांत जमिनीखालचं पाणी खारं. त्या पाण्याने धुतलेल्या गाडीच्या नळीवर क्षार बसतात, वर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तापलेल्या नळीवर चिकटून ओल धरून ठेवतो. आतूनही सायलेन्सर सडतोच: जळण्यातून पाण्याची वाफ निघते, गाडी घरापासून शेतापर्यंत दोन किलोमीटर चालवून बंद केली तर डबा पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. डब्याच्या तळाला पाणी गळण्यासाठी बारीक भोक असतं. 'लीक आहे' म्हणून ते वेल्डिंगने बुजवणारे महाभाग सगळीकडे सापडतात. मग पुढच्या पावसाळ्यात तळच गळून पडतो.

हौसेचं काम वाढलं ते बुलेटच्या दुसऱ्या जन्मानंतर. एन्फील्ड १९९४ मध्ये आयशरकडे गेली, २००९ मध्ये क्लासिक ही गाडी नव्या इंजिनासह आली आणि पाटील-देशमुखांच्या वाड्यासमोरची गाडी पाहता पाहता कोचिंग क्लाससमोर उभी राहू लागली. पण या नव्या इंजिनाची धडधड जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा मऊ होती. बापाच्या बुलेटचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलाला तो आवाज पैसे देऊन विकत हवा होता, आणि दिल्लीच्या करोलबागेतून निघणारे सायलेन्सर त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पंजाब, डॉल्फिन, मेगाफोन, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार अशी नावं अकोल्याच्या पार्टवाल्यांच्या तोंडी बसली.

यांतला गोल्डस्टार मोठ्या घरचा आहे. १९३७ मध्ये वॉल हँडली या शर्यतपटूने बीएसए कंपनीच्या एम्पायर स्टार गाडीवर ब्रुकलँड्सला ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. असं करणाऱ्याला तिथे सोन्याच्या ताऱ्याचा बिल्ला मिळत असे. त्यावरून बीएसएने पुढच्या गाडीचं नावच गोल्ड स्टार ठेवलं, आणि १९५० च्या दशकातल्या त्या गाडीच्या सायलेन्सरचा घाट आज भारतभर बुलेटला लावला जातो. ज्या मैदानावर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे सायलेन्सर सक्तीचा झाला, त्याच मैदानाचा बिल्ला आता कानठळ्या बसवणाऱ्या नळीच्या नावात आहे. हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नाही.

बाहेरचा सायलेन्सर बसवणं हे मूळचा बसवण्यापेक्षा अवघड, कारण तो कुठल्याच गाडीच्या मापाचा नसतो. पाच-सहा मॉडेलांना 'चालेल' असा बनवलेला असतो. पट्टीचं भोक पाऊण इंच मागे, नळीचं तोंड जरा मोठं, डबा स्टँडला घासणारा. घाईचा मिस्त्री काय करतो? पुढचे नट आवळून टाकतो, मग पायाने डबा दाबून मागचं भोक ओढून जुळवतो आणि बोल्ट ठोकून मोकळा होतो. बाहेरून काही दिसत नाही. ताण मात्र सगळा हेडच्या ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या दोन बारीक स्टडवर येतो.

जुन्या उस्तादांची रीत उलटी. पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगितलं जाई, "पयले सारं बसू दे, मंग कसजो." म्हणजे आधी जुनं पॅकिंग खरवडून काढायचं, ते चुकून आत राहिलं आणि त्यावर नवं बसलं तर नळी कधीच सरळ येत नाही. नवं पॅकिंग थोड्या ग्रीसने जागेवर चिकटवायचं, म्हणजे नळी चढवताना पडत नाही. फ्लँजचे नट बोटांनी फिरतील इतकेच. डबा नळीवर सरकवायचा, क्लॅम्प सैल, मागचा बोल्टही सैल. आता हात सोडून गाडीकडे मागून आणि बाजूने पाहायचं. नळी आपल्या वजनाने जिथे बसते ती तिची खरी जागा. मागचं भोक तिथे जुळत नसेल तर चूक भोकाची आहे, नळीची नाही. ते कानशीने लांबवायचं, मधे वायसर घालायचे, नाहीतर पट्टीच नवी करायची. पट्टी वेल्ड करायची झाली तर नळी गाडीवर असतानाच दोन टाके मारून घ्यायचे, मग उतरवून पक्कं वेल्डिंग करायचं. गाडीवर टाके मारताना बॅटरीची तार सोडायची, हेही त्यातच आलं.

मग कसण्याची पाळी. फ्लँजचे दोन नट आळीपाळीने, थोडे थोडे, म्हणजे पॅकिंग चारी बाजूंनी सारखं दबतं. त्यानंतर क्लॅम्प. सर्वांत शेवटी मागचा बोल्ट, तोही रबर बुशसकट. हे बुश अनेक जण फेकून देतात, 'घट्ट बसतंय' म्हणून. पण पोलादी नळी तापली की वाढते: एक मीटरची नळी ३०० अंशांनी तापली तर साधारण साडेतीन मिलिमीटर. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा इंजिनाजवळची उष्णता काय असेल याची कल्पना करावी. हे साडेतीन मिलिमीटर रबराने झेलले नाहीत तर ते झेलतो स्टड. एके दिवशी तो हेडमध्येच मोडतो, मग ड्रिल, उलट्या आट्यांचा टॅप, लेथवाल्याकडे फेरी, प्रसंगी हेड उतरवणं. सायलेन्सरच्या किमतीपेक्षा हे काम महाग पडतं.

शेवटची तपासणी सोपी असते, तरी फार थोडे करतात. क्रोमवरचे बोटांचे तेलकट ठसे पुसून टाकायचे, नाहीतर पहिल्याच तापण्यात ते कायमचे उमटतात. इंजिन सुरू करून ते थंड आहे तोवरच सांध्याजवळ तळवा धरायचा. फुसफुस जाणवली तर पॅकिंग बसलेलं नाही. सस्पेन्शन दाबून डबा चाकाला किंवा स्विंग आर्मला लागत नाही ना ते पाहायचं, ब्रेकचा पेडल मोकळा आहे ना तेही. गाडी एकदा नीट तापवून, पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा एकदा कसायचे.

ज्यांनी हे केलेलं नसतं त्यांची गाडी चिखलदऱ्याच्या घाटात ओळखू येते. अमरावतीहून वलगाव, परतवाडा करत पावसाळ्यात गाड्यांचे थवे वर जातात. उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की सैल सांध्यातून बाहेरची हवा नळीत ओढली जाते, न जळलेल्या पेट्रोलला ती हवा मिळते आणि तापलेल्या नळीत फट् फट् बार होतात. कित्येकांना हे आपल्या गाडीचं वैभव वाटतं. तो बहुधा दहा-वीस रुपयांच्या पॅकिंगचा दोष असतो. शिवाय हा घाट मेळघाटाच्या कुशीत आहे, १९७३ साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एकाच्या. तिथे फटाके वाजवत जाण्याला वैभव म्हणणं कठीणच.

शहरातले फटाके मात्र मुद्दाम वाजवलेले. चालत्या गाडीची इग्निशन क्षणभर बंद करायची. पेट्रोल न जळता सायलेन्सरमध्ये जातं. पुन्हा चालू केली की आत स्फोट होतो. दवाखाना, शाळा, रात्रीची वेळ, काही पाहिलं जात नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, रुग्णालय-शाळांच्या शंभर मीटरांत शांतता क्षेत्रात ती ४० आहे. नव्या मोटारसायकलला कारखान्यातून निघताना इंजिनाच्या आकाराप्रमाणे ७५ ते ८० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही, दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पुंगळी काढलेली बुलेट थोडी जास्त वाजते असं नाही, ती कितीतरी पटींनी वाजते.

कायदा स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असावा असं सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली ध्वनिमानकं मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय परवाना तीन महिने जाऊ शकतो. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर मॉडिफाइड सायलेन्सरच्या आवाजाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवले. वर्तमानपत्रांना फोटो मिळाले. कारवाई योग्यच आहे. पण रोलरखाली चिरडलेल्या नळीची जागा आठवडाभरात दुसरी नळी घेते, कारण विकणारं दुकान उघडंच असतं. दंड फक्त चालवणाऱ्याच्या खिशातून जातो.

या धंद्याला खरा लगाम बसला तो १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांमुळे. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या वाटेतच असतो, नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल किती फवारायचं ते ठरवतो. नळी बदलली, सेन्सरचं भोक चुकीच्या जागी पडलं किंवा सांधा गळका राहिला, तर सेन्सरला जास्त हवा दिसते, संगणक गैरसमज करून घेतो आणि मीटरवर पिवळा दिवा लागतो. पूर्वी सैल पॅकिंगने फक्त आवाज येई, आता गाडीचं पेट्रोलच चुकतं. 'आधी बसू दे, मग कस' ही जुनी रीत संगणकाच्या गाडीलाही सोडून चालत नाही ती अशी. वऱ्हाडातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांनी टू-स्ट्रोकच्या जमान्यातल्या दोन-चार मिस्त्र्यांना वर्षातून एकदा वर्गात बोलावलं तर पोरांना पुस्तकाबाहेरचं बरंच मिळेल. मानधन म्हणून त्यांना एका सायलेन्सरची मजुरी दिली तरी चालेल.

दरम्यान अमरावती-अकोला रस्ता बदलून गेला आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. टू-स्ट्रोकही परत येताहेत, पण संग्रहातल्या वस्तू म्हणून. आरएक्स १०० ला आज मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव मिळतो, आणि घेणारा आधी विचारतो की सायलेन्सर ओरिजिनल आहे का, पुंगळी आहे का. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी ती काढून माळ्यावर फेकली होती, त्यांची पोरं आता ती शोधत फिरताहेत.

तेव्हा नवी गाडी घेऊन दुसऱ्याच दिवशी नळी बदलायला निघालेल्या मित्राला एवढं तरी सांगा: कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नकोस. आतून सुकवून, तोंडाला कापड बांधून, पट्टी-बुश-नटांसकट ठेव. खाजगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती वाढवायला गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते, आणि तिथे तोच लागतो.